हिरव्या रेघेची काडतुसे

ग्लेनकॅरी, साउथलंड
४ मे १९८६

प्रिय डेझमंड,

मोरॅग फोनवर येत नाही. इस्पितळात मी आलो तेव्हा तिने भिंतीकडे तोंड फिरवले, ते तू पाहिलेसच. म्हणून तुला लिहितो आहे. पत्र तिला वाचून दाखव असे मी म्हणणार नाही. योग्य वाटेल तेव्हा, तुझ्या शब्दांत सांग.

तिने मला त्या दिवशी एकच वाक्य ऐकवले. "बाबा, त्यावर हिरवी रेघ होती." मुलीला बापास याहून मोठी शिवी देता येत नाही, आणि तिने ती आवाज न चढवता दिली.

तू बदकांच्या शिकारीतला माणूस. छऱ्याची काडतुसे तू घरी भरतोस, पण आमच्या जुन्या लष्करी रायफलींची रीत निराळी आहे, म्हणून ती रेघ काय असते ते मुळापासून सांगतो. मुळापासून सुरुवात केल्याखेरीज मला विचारच करता येत नाही, हे तुला माझ्या वर्गात असल्यापासून ठाऊक आहे.

थ्री-नॉट-थ्री रायफली युद्धाच्या घाईत बनल्या. चिखल गेला तरी काडतूस आत बसावे, म्हणून नळीचा मागचा भाग मुद्दाम ऐसपैस ठेवला गेला. आणि घाईतला ऐसपैसपणा प्रत्येक रायफलीत वेगळा. गोळी सुटते त्या क्षणी पितळी पुंगळी फुगते आणि त्याच एका रायफलीच्या आतल्या मापाची होऊन बाहेर पडते. मग आम्ही तिची फक्त मान आवळतो, बुडात ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवतो, दारू मोजून ओततो, वर गोळी बसवतो, आणि ती पुन्हा त्याच रायफलीला देतो. अशा पुंगळ्या वर्षानुवर्षे टिकतात. दुसऱ्या रायफलीत त्या अडतात. म्हणून बुडावर शाईची रेघ: माझ्या रायफलीची काळी, ह्यूईची निळी, मोरॅगची हिरवी. मोरॅग शाळकरी असल्यापासून तिच्या रायफलीत माझ्या हातचे नसलेले एकही काडतूस गेलेले नाही.

खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतरची तिची ही पहिली स्पर्धा होती. अँझॅक दिनाची, युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणाची, स्पर्धा तिने कधी चुकवली नाही. पहिल्या काही फैरींनंतर तिने मान मागे वळवून मला म्हटले होते, "बाबा, आजची काडतुसं लोण्यासारखी आहेत रे." मी हसून हात हलवला. तिला खांदा बरा वाटतो आहे, असे मी समजलो. पुढच्याच फैरीला काडतुसांचे मॅगझिन फाटले, लाकडाच्या चिरफळ्या उडाल्या, आणि रायफलीला खालून आधार देणारा तिचा डावा हात...

त्या हाताची दोन बोटे गेली, ते मी डॉक्टरांकडून ऐकले. उरलेल्या बोटांना स्पर्श कळत नाही, ते ह्यूईच्या बायकोकडून ऐकले. डोळे मिटून, नुसत्या चिमटीने लोकरीची प्रत सांगणारी माझी मुलगी. मेंढ्यांच्या कातरणीच्या शेडमध्ये मालक तिच्या बोटांकडे पाहत उभे राहत.

ह्यूई चांदमारीचा प्रमुख असल्याने उरलेली काडतुसे डब्यासकट त्याच्या कपाटात बंद आहेत. काल तो मला म्हणाला, "ईवर्ट, तू चहात साखर घालायला तराजू काढणारा माणूस. तुझ्या हातून हे होणं नाही. रायफलीचं पोलादच सडलं असेल." मला असे दिलासे नकोत. मला कारण हवे आहे. चूक माझी असेल तर मी नेमबाजी क्लबासमोर उभा राहून तसे सांगेन. नसेल, तर मोरॅगला ते कळले पाहिजे. कारण हाताचे दुःख आणि बापाचे दुःख ही दोन्ही एकाच वेळी तिने का सोसावीत?

तुझा,
ईवर्ट


ग्लेनकॅरी
१८ मे

प्रिय डेझमंड,

तुझे कार्ड मिळाले. तीनच ओळी होत्या, पण त्या मी पुन्हा पुन्हा वाचल्या. "सर, जाऊ द्या. ती बरी होते आहे. ह्यूईला ती काडतुसं नदीत टाकायला सांगा."

नदीत का टाकायची? तूच एकदा गंधकाच्या प्रयोगात नळी फुटल्यावर काचा गोळा करून माझ्या टेबलावर मांडल्या होत्यास, आणि तडा कुठून सुरू झाला ते दाखवले होतेस. मागच्या बाकावरच्या पोराने हे करावे याचा मला इतका आनंद झाला होता की घरी जाऊन मोरॅगच्या आईला, विनीला सांगितले. आमचा जावई होशील हे तेव्हा कुणाला ठाऊक होते? तू नळीच्या काचा गोळा करणारा माणूस आहेस. शोक तुला असे लिहायला लावतो आहे, एवढेच मी समजतो.

आता ऐक, कारण यात मला खात्रीने बोलता येईल असे एक आहे. काडतूस भरताना सगळ्यात मोठी भीती कशाची? एकाच पुंगळीत दारू दोनदा पडण्याची. लाकडी ठोकळ्याच्या भोकांत पुंगळ्या उभ्या असतात, आपण एकेकीत माप ओतत जातो, आणि मध्ये कुणी हाक मारली की कुठवर आलो ते विसरतो. यावर इलाज म्हणून लोक देवावर किंवा स्मरणशक्तीवर विसंबतात. मी या दोहोंवर विसंबत नाही. मी जाड, फुसफुशीत दारू निवडतो. तिचे एक माप पुंगळी जवळजवळ भरून टाकते. दुसरे माप ओतायला गेलास तर ते काठावरून टेबलावर सांडते. चूक स्वतःच ओरडून सांगते. किती सुंदर योजना आहे ही, डेझमंड! माणूस विसरला तरी पुंगळी विसरत नाही. चाळीस वर्षे नव्या पोरांना मी भरणी शिकवली, आणि पहिला धडा कायम हाच ठेवला.

तेव्हा दुप्पट दारू माझ्या काडतुसात पडणे शक्य नाही. राहिल्या तीन शक्यता: नळीत काही अडकले होते, नळी मागून बंद करणाऱ्या बोल्टला जुनी चीर होती, किंवा टोपी नीट बसली नव्हती. येत्या शनिवारी ह्यूई डबा घेऊन येतो आहे. एकेक गोळी उपसून आतले तपासू. तूही ये. बार्लीचे सूप करीन. तुझे डोळे माझ्यापेक्षा तरुण आहेत, आणि मोरॅगला जे सांगायचे ते तू स्वतः पाहिलेले असले म्हणजे तिचा विश्वास बसेल.

यंदाच्या मोसमात तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली, असे ऐकले. ती काही बोलली का?

ईवर्ट


ग्लेनकॅरी
२५ मे

डेझमंड,

तू आला नाहीस. बरे झाले असे आता म्हणतो.

ह्यूईला गुडघा दुखत होता, तो डबा ठेवून गेला. त्यामुळे टेबलाशी मी एकटाच होतो. पहिली गोळी उपसली आणि पुंगळी पांढऱ्या बशीत उपडी केली. बशीत चिमूटभर पडले. मला वाटले, बाकीचे आत अडकले. ठोकून पाहिले. तेवढेच होते.

भिंगाखाली धरले. चकचकीत, चपट्या, बारीक चकत्या. ही दारू माझ्या कपाटात कधी नव्हती. ही छऱ्याच्या काडतुसांची: भडकन पेटणारी, चिमूटभर पुरणारी. लष्करी रायफलीतही तिचे अगदी हलके माप चालते. गोळी मंद सुटते, खांद्याला धक्का जवळजवळ बसत नाही. लोण्यासारखा. मात्र तिचे दोष दोन. चिमूटभर दारू पुंगळीच्या तळाशी दिसेनाशी होते, आणि दोनदा पडली तरी दिसेनाशीच राहते.

दुसरे उपसले, तिसरे उपसले. सगळ्यांत तीच चिमूट. मग एक असे निघाले की त्यात काहीच नव्हते. टोपी होती, गोळी होती, मधली जागा रिकामी. मी ते बशीशेजारी आडवे ठेवले. ठोकळ्यातल्या एका पुंगळीला तिचा वाटा मिळाला नाही, याचा अर्थ तो शेजारणीला गेला. ओतणारा मध्येच उठला असणार. परत आल्यावर एक घर चुकला, आणि...

हे मी तुला कशाला समजावतो आहे? तुला ठाऊक आहे. इस्पितळाच्या खोलीत तिने हिरव्या रेघेबद्दल म्हटले तेव्हा तू खिडकीशी उभा होतास आणि काचेवरची धूळ बोटाने पुसत होतास.

पुंगळ्या तिच्याच, जुन्या, रेघ न पुसलेल्या. डबा माझा; मी भरलेली काढून तू त्यात तुझी ठेवलीस. तिने उघडला तेव्हा ती माझीच भरणी समजणार. तुलाही तेच हवे होते. आधी तिला कळू द्यायचे नव्हते. स्पर्धा संपल्यावर सांगणार होतास: तुझा खांदा दुखू नये म्हणून मी भरली. हे कुणी सांगितले नाही, मी ताडले. गेले वर्षभर तिला रजईसुद्धा अंगावर ओढून देणाऱ्या माणसाच्या मनात दुसरे काय असणार? म्हणून मला तुझा राग येत नाही. आला तर बरे वाटले असते.

तिला सांग. मी सांगणार नाही. ते तुझ्याच तोंडून जायला हवे. मी थांबतो.

ई.


ग्लेनकॅरी
२० जुलै

प्रिय डेझमंड,

तू येऊन गेल्याला तीन आठवडे झाले. तेव्हा मी तुला काही उत्तर दिले नव्हते. आज देतो.

गोठ्याच्या दाराशी उभा राहून तू जे बोललास त्यातले बरेच हुंदक्यांत गेले. "केटल वाजली, सर. नुसती केटल वाजली. मी उठलो आणि परत येऊन बसलो." हे वाक्य तू इतक्यांदा म्हणालास की मला स्वयंपाकघरातली माझी केटल बाहेर नेऊन ठेवावीशी वाटली. पण मला हलवून गेले ते दुसरेच. शुद्धीवर आल्यावर तिचे पहिले शब्द काय होते, ते तू सांगितलेस. "डेस, बाबांनी माझा हात घालवला. तू आहेस ना?" आणि तू "आहे" म्हणालास. त्या "आहे"नंतर कोणत्या वेळी खरे सांगायचे होते, असे तू मला विचारलेस. मी शिक्षक असूनही मला ती वेळ दाखवता आली नाही.

काल मी तुमच्या घरी आलो होतो. तू दूध घालायला गेला होतास. तिने दार अर्धेच उघडले.

"बाबा, समजावायला आलास का?"

"हो," म्हणालो. कारण खरोखरच, गाडीत बसताना मी तुला दिलेला शब्द मोडायचे ठरवले होते. रिकामे काडतूस रुमालात गुंडाळून खिशात आणले होते.

"नको. जन्मभर समजावलंस. पाऊस का पडतो, आई का गेली, मेंढीच्या अंगावर लोकर का वाढते. एकदा तरी समजावल्याशिवाय बोल."

"काय बोलू?"

"माझी चूक झाली, म्हण. कशी झाली ते नको. नुसतं म्हण."

मी खिशात हात घातला. तेवढ्यात तिने शालीची कड सावरायला डावा हात बाहेर काढला आणि चटकन मागे घेतला. तिच्या झग्याची बटणे खालपासून वरपर्यंत नीट लावलेली होती. केस विंचरून वेणी घातलेली होती. वेणी जराशी वाकडी, पुरुषाने घातलेली. तिने माझी नजर पाहिली आणि म्हणाली, "डेस घालतो. वेड्यासारखी घालतो, पण रोज घालतो. तो नसता ना बाबा, तर मी त्या नदीच्या पुलावरून परत आले नसते."

डेझमंड, पुलाची गोष्ट तू मला सांगितली नव्हतीस.

मी खिशातून हात रिकामाच बाहेर काढला आणि म्हटले, "माझी चूक झाली, मोरॅग."

ती दाराला टेकून रडली. मला आत घेतले नाही, पण दार लावलेही नाही. तेवढ्यावर मी परतलो.

आता नीट ऐक, कारण जे बोलले गेले आहे ते टिकले पाहिजे. मोरॅग माझ्या भरणीच्या टेबलाशी वाढली आहे. आज तिला कसे झाले ते नको आहे. उद्या हवे असेल, आणि तेव्हा तिला पहिली शंका हीच येईल की बाबांची जाड दारू दुप्पट पडली तर सांडते, मग पडली कशी? म्हणून मी असे मांडले आहे. तिचा खांदा जपण्यासाठी यंदा मी स्वतः छऱ्याची दारू वापरली. हेतू तुझाच, तो चांगला आहे, तोच राहू दे. भरताना ह्यूईचा फोन आला आणि मी उठलो. केटल नको. केटल तुमच्या घरात रोज वाजते. ती ऐकून तुझा चेहरा बदलेल.

काल येताना मी दुकानातून त्या दारूचा डबा घेतला. दुकानदार म्हणाला, "मिस्टर कॅल्डर, तुम्ही आणि ही? म्हातारपणी बदकं मारणार की काय?" मी म्हटले, हौस. घरी येऊन डबा उघडला, थोडी दारू बागेत ओतली, म्हणजे वापरलेला दिसेल, आणि कपाटात मधल्या फळीवर ठेवला. लेबल पुढे केले, मग जरासे तिरके केले. खोटी गोष्ट भरणीसारखीच असते: प्रत्येक घटक जागेवर हवा, मापात हवा, आणि कुठेही पोकळी राहता कामा नये. हे लिहिताना मला जवळजवळ उत्साह आला होता. मग पेन खाली ठेवून बाहेर जाऊन उभा राहिलो.

रिकामे काडतूस, उपसलेल्या गोळ्या, सगळे पुरले. कुठे ते तुला सांगत नाही.

तू काही करायचे नाहीस. तिची वेणी घाल.

ईवर्ट


ग्लेनकॅरी
३ सप्टेंबर

प्रिय डेझमंड,

क्लबाच्या बैठकीत सांगून टाकले. ते तिथे न सांगता नुसते मोरॅगला सांगितले असते, तर आज ना उद्या कुणीतरी तिला म्हणाले असते, तुझ्या बापाची चूक नव्हतीच. गावात असे भले लोक असतात.

मी सांगितले: भरणी माझी, निष्काळजीपणा माझा, यापुढे शिकवणार नाही. ह्यूईने मला बाहेर गाडीपाशी गाठले.

"कुणाला वाचवतोयस?"

"वय झालं, ह्यूई."

"वय माझंही झालंय. मी गाढव नाही झालो. तुला फोन केला म्हणे मी. मी फोन करतो का कधी? बायको करते."

"मग तिने केला असेल."

"बरं," तो म्हणाला, "केला असेल." आणि माझ्या गाडीचे दार त्याने स्वतः लावून दिले, असे त्याने यापूर्वी कधी केले नव्हते.

दुसऱ्या सकाळपासून दाराच्या पायरीवर डबे येऊ लागले. क्लबातल्यांसाठी काळजीने भरलेली माझीच काडतुसे: निळ्या रेघेची, तांबड्या, पिवळ्या रेघेची. कुणी बेल वाजवली नाही. त्यांचे काही चुकले नाही; ज्याने एकदा चूक केली त्याचे काडतूस गालाशी धरू नये, हे त्यांना मीच शिकवले आहे. एका डब्यावर चिठ्ठी होती, "रागावू नका सर, घरात मुलं आहेत." निळ्या रेघेचा डबा सर्वांत शेवटी आला. ह्यूईच्या बायकोने आणला, आणि आत चीज रोल ठेवले होते, गरम.

सगळी काडतुसे मी एकेक करून उकलतो आहे. दारू बागेत, गोळ्या एका बरणीत, पुंगळ्या दुसऱ्या. उकलायला भरण्याहून अधिक वेळ लागतो, हे मला या वयात कळले.

तिने काल फोन केला. "बाबा, तू ते सगळ्यांसमोर सांगायची गरज नव्हती," म्हणाली. मग हवामानाबद्दल बोललो.

ईवर्ट


ग्लेनकॅरी
२७ एप्रिल १९८७

प्रिय डेझमंड,

तुझे पत्र आज आले. मी ते उभ्यानेच वाचले, मग बसून वाचले.

या पत्राची मी वर्षभर वाट पाहिली, हे तुझ्यापासून लपवत नाही. "सर, मला आता हे वाहवत नाही, मी तिला सांगतो." हिवाळ्यात टपालवाल्याची सायकल फाटकाशी थांबली की मी हातातले काम टाकत असे. विजेचे बिल निघे. तू हे पत्र गेल्या ऑगस्टमध्ये पाठवले असतेस तर मी ते छातीशी धरून तुमच्या घरी धावत आलो असतो. तू चांगला माणूस आहेस आणि तुला उशीर झाला आहे. दोन्ही खरे आहे.

शनिवारी पहाटे अँझॅकच्या स्मारकापाशी ती माझ्या शेजारी उभी राहिली, ते तू पाहिलेस. त्यानंतर तू कामाला गेलास आणि ती माझ्याबरोबर घरी आली. हे तिने तुला सांगितले की नाही, मला ठाऊक नाही. सरळ मागच्या खोलीत गेली, जिथे माझे टेबल आहे. काडतुसे भरायच्या प्रेसवर मी जुना टॉवेल टाकला होता. तिने तो काढला, घडी केली, आणि लहानपणी बसायची त्या पेटीवर बसली.

"आता सांग," म्हणाली. "कसं झालं ते. मुळापासून. आता मला ऐकवेल."

मी सांगितले, डेझमंड. ठोकळा समोर ठेवून, रिकाम्या पुंगळ्या उभ्या करून. छऱ्याची दारू मी का निवडली, ती तळाशी कशी दिसेनाशी होते, फोन कसा वाजला, परत येऊन मी कोणत्या घरापासून सुरुवात केली. ती अधूनमधून प्रश्न विचारत होती, आणि नेमके प्रश्न. "म्हणजे बाबा, एक रिकामंही असणार?" मी म्हटले, हो, असणार, तू किती बरोबर ओळखलेस. तिचा चेहरा उजळला. लहानपणी उत्तर बरोबर आले की उजळायचा तसाच. चाळीस वर्षांत मी इतका चांगला धडा दिला नव्हता, आणि त्यात घडलेले सगळे होते. फक्त माणूस वेगळा होता.

ऐकून झाल्यावर ती उगीच पुंगळ्यांशी चाळा करीत बसली. मग म्हणाली, "माझ्यासाठीच केलंस ना ते. खांद्यासाठी."

"हो."

"मला इतका राग होता ना बाबा, की तो एकदम टाकता येईना. मग मी रोज थोडं थोडं माफ करत आले. काही दिवशी अजिबात जमायचं नाही. काल थोडंसं उरलं होतं. आज संपलं."

आणि तिने डावा हात माझ्या हातावर ठेवला. तो हात तिने वर्षभर माझ्यासमोर शालीबाहेर राहू दिला नव्हता. त्याला माझा हात जाणवत नव्हता, तरी ठेवला.

मी "मला माफ कर" म्हणालो, आणि म्हणताना ते खरे होते. कशाबद्दल, ते मला अजून सांगता येत नाही.

आता तुला सांगतो ते नीट समजून घे. तू आज तिला सत्य सांगितलेस, तर माझे नाव धुऊन निघेल. ह्यूई रस्त्यात थांबून माझी पाठ थोपटेल, डबे परत मागायला लोक येतील, मी पुन्हा पोरांना शिकवीन. मला हे सगळे हवे आहे. इतके हवे आहे की तुझे पत्र खिशात घालून मी आज दोनदा फाटकापर्यंत गेलो. पण तिने वर्षभर खपून जे केले, ते तिला परत घ्यावे लागेल. ते चुकीच्या माणसाला दिले गेले, असे कळेल. आणि मग तुझ्यासाठी तिला पहिल्या दिवसापासून, त्या पुलापासून, पुन्हा सुरुवात करावी लागेल. तेवढे बळ तिच्यात उरले आहे की नाही, मला माहीत नाही. जन्मभर मी प्रयोग केले. हा एक मी तिच्यावर होऊ देणार नाही.

म्हणून नाही. सांगू नकोस. तुला वाहवत नाही म्हणतोस, तर वाहा. मी एका टोकाला आहे.

खरे जसे घडले तसे समजावून सांगावे असा माणूस मला यापुढे तू एकटाच, आणि तुला समजावण्यासारखे काही उरले नाही. ही सगळी पत्रे शेगडीत घाल. तुझे मी आताच घातले.

रविवारी जेवायला येतो. तिने बोलावले आहे. टेबलाशी बसल्यावर माझ्याकडे बघायचे टाळू नकोस. तिच्या लक्षात येते.

तुझा,
ईवर्ट